फक्त दात

"आ कर. अजून मोठा. हां, शाब्बास."

सकाळपासून मी हेच म्हणत होते. आश्रमशाळेच्या ओसरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर मी, कपाळाला बॅटरी बांधलेली, आणि समोर भिंतीला धरून वळत गेलेली पोरांची रांग. बाजूला आमचे ड्रायव्हर सुपडूभाऊ मांडीवर पॅड घेऊन बसलेले. मी सांगेन ते लिहायचे. खालची दाढ, कीड. वरचे दोन, कीड. हिरड्या ठीक. पोरांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. दुसऱ्या दिवशी होळी होती, आणि सातपुड्यात होळीपेक्षा मोठा सण नाही. दुपारनंतर आईबाप न्यायला येणार होते. सगळ्यांच्या पिशव्या भरून तयार होत्या, डोकी तेलाने चोपडलेली होती, आणि तोंड माझ्याकडे असलं तरी डोळे फाटकाकडे होते.

मग गुमान पावरा समोर आला. तिसरीतला, काटकुळा. ऐन मार्चच्या उन्हात त्याने स्वेटर घातला होता. त्याने तोंड उघडलं आणि मी खुर्चीसकट मागे सरकले.

वास. किडलेल्या दातांचे, पू झालेल्या हिरड्यांचे वास मला पाठ होते. कॉलेजची वर्षं त्यातच गेली होती. हा त्यातला नव्हता. घरात कुठेतरी उंदीर मरून पडावा आणि तो सापडू नये, तसा गोडसर कुजका वास होता.

मी बॅटरी दातांच्या पलीकडे वळवली. दोन्ही टॉन्सिलवरून पडजिभेपर्यंत एक राखट पापुद्रा पसरला होता, ओल्या चामड्यासारखा. कापसाच्या बोळ्याने मी त्याची कड जराशी उचलून पाहिली. ती सुटली नाही. रक्त आलं.

हे चित्र मी पुस्तकात पाहिलं होतं. आमच्या सरांनी ते पान वर्गात उलटून टाकलं होतं. म्हणाले होते, "हे तुम्हाला आता बघायला मिळायचं नाही."

"मॅडम, काय लिहू?" सुपडूभाऊंनी विचारलं.

"काही लिहू नका."

गुमान तोंड उघडं ठेवून अजून उभाच होता.

मी तेव्हा पंचविशीची होते. डॉ. हेमांगी भारंबे, दातांची डॉक्टर, पहिलीच नोकरी. शाळकरी मुलांच्या तपासण्यांचं कंत्राट जिल्हा परिषदेने एका संस्थेला दिलं होतं. एका पथकाने डोळे बघायचे, दुसऱ्याने वजन-उंची, तिसऱ्याने दात. दातांचं पथक म्हणजे मी, सुपडूभाऊ आणि दारावर संस्थेचं नाव रंगवलेली पांढरी गाडी. एवढाच आमचा संसार.

गुमानला मी ऑफिसच्या मागच्या खोलीत सतरंजीवर झोपवलं आणि रांग थांबवली.

मुख्याध्यापक वसावे सर ऑफिसात बसून मुलांना वाटायचे साखरेचे हार मोकळे करत होते. पांढरे, गुलाबी. सण म्हणून त्यांनी नवा सदराही घातला होता.

"सर, एका मुलाच्या घशात काहीतरी आहे. मला वाटतं, घटसर्प आहे."

त्यांचे हात थांबले. "वाटतं, की आहे?"

"मी दातांची डॉक्टर आहे, सर."

"म्हणजे वाटतंच."

"एकदा पसरला तर फार वाईट. पोरं एका ताटात जेवतात, एका अंथरुणात झोपतात. आज ती घरोघर गेली तर प्रत्येक पाड्यावर जाईल. खरा डॉक्टर येऊन बघेपर्यंत कुणाला सोडू नका."

ते रागावले नाहीत. उलट हळू आवाजात, जणू मला समजावून सांगावं तसं म्हणाले, "मॅडम, ही माणसं पहाटे निघालीत. कुणी डोंगर उतरून, कुणी होडीतून. होळीला पोर घरी नाही म्हणजे घरात सुतक. मी फाटक लावलं आणि तुमचं वाटणं चुकलं, तर मला या भागात कुणी पाणी विचारणार नाही. मी इथलाच आहे. तुम्ही उद्या जाल."

"आणि चुकलं नाही तर?"

त्यांनी हातातला हार खाली ठेवला. "वर पाण्याच्या टाकीपाशी फोनला रेंज येते. कुणाला विचारायचं ते विचारा. तुम्ही खाली येईपर्यंत फाटक बंद."

टाकीपर्यंतचा चढ मी पळत चढले. आधी आरोग्य केंद्राला फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. परत वाजत राहिला. मग मी आमचे समन्वयक देवरे यांना लावला. त्यांनी पहिल्याच घंटेला उचलला.

सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "आपल्याला काम काय दिलंय?"

"दात."

"घसा आहे का कंत्राटात?"

"सर, मूल मरेल."

"ऐका नीट. मूल मेलं तर आपण तिथे दात बघायला गेलो होतो, बाकी आपल्याला माहीत नाही. पण मूल मेलं नाही आणि ऐन होळीत तुम्ही शाळा अडवून ठेवली, तर बोभाटा आपल्या नावाने. यंदा कंत्राट पुन्हा निघायचंय. गाडीत बसा आणि खाली या."

"तुम्ही कुणाला तरी कळवाल का?"

"खाली या, मग बघू." फोन बंद.

मी टाकीच्या सावलीत बसून राहिले. उठवेना. आपण चुकलो असलो तर काय होईल, याची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती हळूहळू वर येत होती. सकाळपासून तेच मोजके आरसे औषधाच्या पाण्यात बुचकळून मी एका तोंडातून दुसऱ्या तोंडात घालत होते. संस्थेने दिले होते तेवढेच. किती पोरं झाली होती गुमानच्या आधी? तो खोकला होता माझ्या तोंडावर? माझ्या नाकावरचा कापडी पट्टा मी किती वेळा खाली ओढला होता? मी घसा दाबून पाहिला. दुखतोय असं वाटलं.

टाकीवरून खालची वाट दिसत होती. माणसं येऊ लागली होती. एकामागे एक, लाल-पिवळी लुगडी, डोक्यांवर गाठोडी, दोघातिघांच्या खांद्यांवर ढोल. किती मजेत चालली होती. मला ते बघवेना.

खाली आले ती सरळ गाडीकडे गेले. "सुपडूभाऊ, आरोग्य केंद्रात जा. डॉक्टर बागूल असतील तिथे, असतील तसे घेऊन या. सांगा, घटसर्प."

"देवरे साहेब काय म्हणले?"

"गाडीत बसून खाली या म्हणाले."

सुपडूभाऊंनी टोपी काढून टक्कल पुसलं. गाडी संस्थेची, नोकरी संस्थेची, घरात लग्नाची मुलगी. मला सगळं ठाऊक होतं. त्यांनी एकच विचारलं, "कोनत्या पाड्याचा हाये तो पोरगा?"

वसावे सर मागे येऊन उभे होते. ते म्हणाले, "उंबरापाणी. नदीपलीकडचा."

सुपडूभाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी टोपी घातली, किल्ली फिरवली. "जातो मी," एवढंच म्हणाले आणि गाडी अशी काढली की फाटकातली माणसं बाजूला उडाली. मला वाटलं, रोगाला घाबरले. बरं झालं, घाबरून तरी लवकर जातील.

गाडी गेल्यावर मात्र मला कळलं की आता इथून निघून जायला माझ्याकडे काहीच नाही.

वसावे सरांनी फाटकाला साखळी घातली. सुरुवातीला बाहेरची माणसं हसत होती, पोरांना हाका मारत होती, गजांतून हात घालून डोक्यावरून फिरवत होती. मी ओरडले, "हात लावू नका! लांब उभे राहा!" माझं कुणाला कळलं नाही, आणि कळलं त्यांना ते अपमानासारखं वाटलं. पोरं रडायला लागली. त्यांचं रडणं ऐकून बाया फाटक हलवू लागल्या.

मी पोरांना वर्गात नेलं आणि पुन्हा एकेकाचं तोंड उघडायला लावलं. आता दात बघतच नव्हते. चौथीच्या दोन मुलींच्या घशात, एकीच्या डाव्या बाजूला आणि दुसरीच्या मागे, नखाएवढे पांढरे डाग दिसले. त्या दोघी गुमानशेजारच्या बाकावर जेवायच्या. मी त्यांना वेगळं बसवलं. एकीने विचारलं, "बाई, मी घरी कधी जाणार?" मी "आत्ता" म्हणाले.

मागच्या खोलीत गुमानचा श्वास बदलला होता. आत ओढताना बारीक शिटी वाजत होती. मान दोन्ही बाजूंनी फुगली होती. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. मला त्याच्यासाठी काही करता येत नव्हतं. माझ्या पेटीत दात काढायचे चिमटे होते, लवंगेचं तेल होतं, पोरांना वाटायचे ब्रश होते.

पत्र्यावर दगड पडला. सगळी शाळा दणाणली. मग दुसरा.

वसावे सर आत आले. नव्या सदऱ्याची बाही खांद्यापासून फाटली होती. "मॅडम, किती वेळ? मला खरं सांगा. ते डॉक्टर येणार आहेत का?"

"येतील."

"नाही आले तर?"

मी उत्तर देणार तेवढ्यात मागच्या दारात कुणीतरी उभं राहिलं. भिंतीवरून उतरून आलेला एक माणूस. अर्ध्या बाह्यांचा सदरा, गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर कुऱ्हाड. डोंगरातला माणूस कुऱ्हाडीशिवाय घर सोडत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी भिंतीला जाऊन टेकले.

"हा खेमजी," वसावे सर म्हणाले. "गुमानचा बाप."

खेमजीने माझ्याकडे पाहिलं नाही. "पोर दे," म्हणाला.

"त्याला बरं नाही, दादा. त्याला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल."

"घरी बरा होईल." त्याने कुऱ्हाड दाराशी टेकवली आणि गुमानला उचलायला वाकला.

मी मध्ये गेले. कशी गेले, माहीत नाही. तो मला एका हाताने बाजूला करू शकला असता. "नेऊ नका. आधी बघा तरी," मी म्हणाले आणि कपाळाची बॅटरी काढून त्याच्या हातात दिली. "तोंड उघड, गुमान. बाबाला दाखव."

खेमजीने बॅटरी धरली आणि पोराच्या तोंडात पाहिलं. बराच वेळ तो वाकलेलाच राहिला. मग बॅटरी सतरंजीवर ठेवली आणि जमिनीवर बसला, अंगातून जोर निघून जावा तसा.

"हे आमच्या पाड्यावर आहे," तो म्हणाला.

"काय?"

"हेच. दिवाळीनंतर आलं. माझ्या भावाची दोन पोरं गेली. मग रूमाची पोरगी गेली. अशीच मान. असाच आवाज." त्याने श्वास आत ओढून तो आवाज काढला. हुबेहूब तोच. गुमानने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. "आम्ही म्हटलं, हा शाळेत आहे ते बरं. शाळेत सुई देतात, डॉक्टर येतो. मग गेल्या आठवड्यात याची आजी मेली. मी घेऊन गेलो याला. दोन रातींसाठी."

मी वसावे सरांकडे पाहिलं. ते खाली बघत होते. उंबरापाण्यावर तीन पोरं गेल्याचं त्यांनाही माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. मी ज्या पाड्यांना वाचवायला म्हणून फाटक अडवत होते, तो रोग तिथूनच आला होता.

बाहेर फाटकाचा एक खांब कलल्याचा आवाज झाला. बाया ओरडल्या. खेमजी उठला आणि आमच्याशी न बोलता तिकडे चालत गेला. मी दारातून पाहत होते. फाटकाच्या आत उभा राहून तो त्याच्या बोलीत बोलला. ओरडला नाही. आधी त्याच्यावर दोघंतिघं धावून आले, एकाने गजांतून त्याचा सदरा धरला. तो बोलतच राहिला.

"काय सांगतोय?" मी विचारलं.

वसावे सर म्हणाले, "म्हणतोय, माझ्या घरची पोरं मी स्वतःच्या हाताने पुरली. तुम्हाला न्यायचं तर न्या."

हळूहळू गोंगाट ओसरला. फाटकावरचे हात सुटले. एका बाईने लांबूनच मुलीला नाव घेऊन हाक मारली, मुलीने वर्गाच्या खिडकीतून ओ दिली, आणि बाई मोहाच्या झाडाखाली जाऊन बसली. मग दुसरी. गेलं मात्र कुणीच नाही. ढोल त्यांनी पालथे करून खाली ठेवले.

मला हायसं वाटायला हवं होतं. गुमानची शिटी मात्र आता ओसरीपर्यंत ऐकू येत होती.

ऊन कललं तेव्हा गाडी आली. डॉ. बागूल धापा टाकत उतरले. पन्नाशीचा जाडजूड माणूस, हातात औषधांचं खोकं. मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर ते थांबले.

"वासावरूनच कळतंय," म्हणाले. तरी त्यांनी आत जाऊन नीट पाहिलं. मानेला हात लावला, नाडी धरली. "घटसर्प. मी नोकरीत लागलो तेव्हा पाहिला होता, त्यानंतर आज."

मला वाटलं होतं, आपलं बरोबर निघालं की भीती जाईल. ती दुप्पट झाली.

"याला इंजेक्शन देतो, पण ते पुरणार नाही," ते भराभर बोलत होते. "विष उतरवणारं औषध लागतं, ते माझ्याकडे नाही, जिल्ह्यालाही असेल का सांगता येत नाही, ते मागवतील. पण श्वास बंद पडला तर गळ्याला भोक पाडून नळी घालावी लागेल, आणि ते तिथेच होईल. आत्ता न्या. माझी रुग्णवाहिका बाळंतीण घेऊन गेलीय. हीच गाडी न्या. मी इथल्या सगळ्या पोरांना गोळ्या चालू करतो. आईबापांनाही. फाटक बंद ठेवलंत ते बरं केलंत, कोणी ठेवलं?"

मी वसावे सरांकडे बोट दाखवलं, त्यांनी माझ्याकडे.

खेमजीने पोराला खांद्यावर घेतलं. आम्ही फाटकातून बाहेर आलो. गाडी मोहाच्या झाडांपाशी उभी होती, पांढरी, दारावर निळ्या अक्षरांत संस्थेचं नाव. खेमजी ती बघून जागच्या जागी थांबला.

"हीच गाडी," तो म्हणाला.

"काय झालं, दादा?"

"पावसाळ्याआधी. सुई द्यायला आली होती. नदीच्या अलीकडच्या काठाला थांबली, भोंगा वाजवला. आम्ही पोरं उचलून धावत उतरलो. भावाची पोरं, हा, सगळी होती. नदीत गुडघ्यापर्यंत उतरलो होतो, तेवढ्यात गाडी वळली आणि गेली. आम्ही ओरडलो. पोरं ओरडली." त्याचा आवाज तेव्हाही चढला नाही. "हीच. दाराला हाच निळा रंग."

झाडांखालची माणसं उठली. कुणीतरी त्याचं बोलणं बोलीत पुढे सांगितलं, ते आणखी पुढे गेलं, आणि बघता बघता गाडीभोवती कडं झालं. सुपडूभाऊ आतच होते, काच वर केलेली. एका तरुणाने बॉनेटवर कुऱ्हाडीचा दांडा आपटला. डॉ. बागूल शाळेच्या दारातून ओरडत होते, ते कुणी ऐकत नव्हतं. मला तेव्हा अगदी स्पष्ट दिसलं की आता हे गाडी जाळणार, सुपडूभाऊंना मारणार, आणि गुमान इथे, बापाच्या खांद्यावर मरणार.

काच खाली झाली. सुपडूभाऊंनी दार उघडलं आणि ते खाली उतरले. टोपी हातात होती.

"मीच होतो," ते म्हणाले. "तेव्हा ही गाडी सुई द्यायच्या कामाला लावली होती, मीच चालवत होतो. वर जायला रस्ता नाही असं सांगा, संस्थेवाले म्हणले होते. पाणी कमी होतं, गाडी पलीकडे जात होती. मला माहीत होतं. आतली माणसं म्हणली वळव, मी वळवली."

पावरी न कळणारी मी, आणि मराठी न कळणारी निम्मी माणसं, पण ते बोलणं सगळ्यांना समजलं होतं.

सुपडूभाऊ खेमजीकडे वळले. "आता मारायचं तर नंतर मारा. आधी पोराला पोचवू द्या."

"या गाडीत माझं पोर बसणार नाही," खेमजी म्हणाला.

मला बोलायचं होतं. समजवायचं होतं, की दुसरी गाडी नाही, वेळ नाही, मी सोबत येते, जिल्ह्याला सगळं आहे. तोंडातून शब्दच फुटेना. दात एकमेकांवर आपटत होते. पाय असे लटपटत होते की मी गाडीच्या दाराला धरलं, आणि धरलेला हात दारावर थडथड वाजू लागला. मला इतकी लाज वाटली. डॉक्टर म्हणवते आणि ही अवस्था. कशीबशी मागचं दार उघडून मी आत चढले, बाकावर बसले आणि दोन्ही हात पुढे केले, पोर घ्यायला. तेही हलत होते.

खेमजी माझ्याकडे बघत राहिला. आधी चेहऱ्याकडे, मग हातांकडे.

मग त्याने कुऱ्हाड भावकीतल्या कुणाच्या तरी हातात दिली आणि गुमानला घेऊन आत आला.

कडं उघडलं. सुपडूभाऊंनी गाडी काढली.

त्या रस्त्याचं मला तुकड्या-तुकड्यांनीच आठवतं. घाटातली वळणं. खेमजीच्या मांडीवर गुमानचं डोकं आणि माझ्या मांडीवर पाय. तो निळा पडायला लागला की मी "बस करा, बस करा" म्हणायची, कोणाला ते माहीत नाही. एकदा शिटी थांबली, पूर्णच थांबली. खेमजीने त्याला उभा धरून पाठीवर थाप मारली आणि ती पुन्हा सुरू झाली. वाटेतल्या गावांत होळ्या रचून ठेवलेल्या होत्या. सुपडूभाऊ एकदाही बोलले नाहीत. फक्त आरशातून मागे बघायचे, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या डोळ्यांत प्रश्न असायचा.

हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर गुमानचा श्वास बंद पडला. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी तिथेच, ओट्यावर, त्याच्या गळ्याला भोक पाडलं.

गुमान वाचला. ते औषध दुसऱ्या दिवशी लांबच्या शहरातून आलं. आश्रमशाळेतल्या त्या दोन मुली आणि आणखी एक मुलगा आजारी पडले, तिघंही उठले. पोरं होळीला घरी गेली नाहीत. आईबाप झाडांखाली थांबले आणि फाटकाच्या दोन्ही बाजूंनी एकमेकांना बघत सण काढला, असं वसावे सरांनी मला सांगितलं. डोंगरावरच्या पाड्यांत मात्र सरकारी माणसं पोचली तेव्हा उंबरापाणी एकटं नव्हतं असं कळलं. किती, ते मला कुणी सांगितलं नाही.

चौकशी झाली. सुपडूभाऊंनी फाटकापाशी सांगितलं तेच तिथेही सांगितलं. संस्थेने त्यांना काढलं, मला काढलं. ते पुढे सावद्याला केळीच्या गाड्यांवर गेले. संस्थेचं कंत्राट रद्द झालं, आणि पुढच्या वर्षी वेगळ्या नावाच्या संस्थेकडून देवरे यांचीच माणसं तपासण्या करत होती. हे सगळं खूप वर्षांपूर्वीचं आहे. मी आता माझ्या दवाखान्यात बसते, आणि कुठलं मूल दाढ दुखते म्हणून आलं तरी आधी घसा बघते.

होळीनंतर पंधरवड्याने मी हॉस्पिटलात गुमानला भेटायला गेले होते. तो उताणा पडून छताकडे बघत होता. गळ्याला पट्टी. खेमजी पायथ्याशी बसला होता आणि त्याने पोराचा घोटा मुठीत धरला होता.

"असा का धरलात?"

"डॉक्टर म्हणाला, याचं काळीज नाजूक झालंय. उठला, पळाला तर थांबेल. आणि हा ऐकत नाही."

मी स्टूल ओढून बसले. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मी विचारलं, "खेमजीदादा, त्या दिवशी त्या गाडीत कसे बसलात? मी तर एक शब्द बोलू शकले नाही."

"तू थरथरत होतीस."

"हो. मला फार लाज वाटली त्याची."

त्याला ते पटलं नाही बहुतेक. त्याने मान हलवली. "गाडीतून येतात ती माणसं घाबरत नाहीत, बाई. हसतात, फोटो काढतात, जातात. माझं पोर मरेल म्हणून घाबरलेलं माणूस त्या गाडीत मी पहिल्यांदा पाहिलं."

गुमानने पाय ओढून घ्यायचा प्रयत्न केला. खेमजीने न बघताच मूठ आवळली.

"निज," तो म्हणाला.